तीच गोळी बडोद्यात दहा रुपयांना आणि न्यू जर्सीत सोळाशेला: मधले पैसे जातात कुठे?

रावपुरा_७

न्यू जर्सीतल्या नातेवाइकांची औषधांची यादी आणि आपल्याकडचे भाव शेजारी शेजारी मांडून बघितले. डॉलर ८८ रुपये धरलाय.

एम्पाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम, ३० गोळ्या: तिकडे मूळ ब्रँडची २०२३ ची यादीतली किंमत ५७३ डॉलर. म्हणजे एक गोळी साधारण १,६८० रुपयांना. आपल्याकडे हाच ब्रँड ६० रुपयांच्या आसपास होता, आणि मार्च २०२५ पासून इतर कंपन्यांची गोळी ६ ते १५ रुपयांत मिळते.

मेटफॉर्मिन ५००, ६० गोळ्या: तिकडे वॉलमार्टच्या स्वस्त यादीत ४ डॉलर. गोळी सहा रुपयांच्या आत. आपल्याकडे दोन रुपयांच्या आसपास.

दोन्ही औषधं डायबेटिसचीच, दोन्ही साध्या गोळ्या. मग एकीत तिप्पट फरक आणि दुसरीत शंभरपटीच्या वर, हे कसं? आणखी दोन शंका. हालोल, पानेलाव, पादरा या आपल्याच पट्ट्यातून अमेरिकेला औषधं जातात. ती गोळी आणि इथल्या दुकानातली गोळी एकच का? आणि आई-वडील सहा महिन्यांसाठी तिकडे जाणार असतील तर सोबत किती न्यायचं?

"संशोधनाला खर्च येतो हो" एवढंच सांगणार असाल तर कृपया नको. ते ऐकून झालंय.

---

विश्वामित्री

तुमच्या दोन ओळींतच निम्मं उत्तर आहे. मेटफॉर्मिन कोणीही बनवू शकतं. एम्पाग्लिफ्लोझिन अमेरिकेत अजून एकाच घराकडून घ्यावं लागतं. गोळी बनवायचा खर्च दोन्हींत इतका किरकोळ आहे की पहिल्या फेरीत तो बाजूला ठेवला तरी चालेल.

खंडेराव मार्केटात मेथीची जुडी दहाला आणि कारेलीबागेत वीसला असली तर कोणीतरी टेम्पो भरून नेतो आणि दोन दिवसांत भाव सारखे होतात. औषधाचा टेम्पो सीमेवर अडतो. विक्रीची परवानगी प्रत्येक देशाची वेगळी, पेटंट वेगळं, लेबल वेगळं. त्यामुळे कंपनी प्रत्येक देशात तिथल्या खिशाकडे बघून भाव लावते आणि स्वस्त देशातला माल महाग देशात उतरत नाही. (युरोपीय संघात आतल्या आत उतरतो. ग्रीसमधून जर्मनीत औषध नेऊन विकणं तिथे कायदेशीर आहे. त्यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ग्रीसला मोजून माल द्यायचा. भोगतात ग्रीसमधले पेशंट.)

आता आपल्याकडे स्वस्त का. १९७० च्या पेटंट कायद्याने, जो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला, औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं. पेटंट मिळायचं ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. दुसऱ्या रासायनिक वाटेने तोच रेणू बनवला तर विकायला मोकळे. त्या बत्तीस-तेहतीस वर्षांत इथल्या केमिस्टांचा हात बसला. २००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला. श्रीमंत देशांत तोच कोर्स १०,००० डॉलरच्या वर होता.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारामुळे १ जानेवारी २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलं, २० वर्षांचं. पण कायद्यात दोन खुंट्या मारून ठेवल्यात.

पहिली, कलम ३(ड). जुन्याच रेणूचं नवं मीठ किंवा नवं स्फटिकरूप आणलं, तर गुणात ठळक वाढ दाखवल्याशिवाय नवं पेटंट नाही. रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिबचा निकाल यावरच लागला: १ एप्रिल २०१३, सर्वोच्च न्यायालय, नोव्हार्टिसची मागणी फेटाळली. मूळ ब्रँड महिन्याला एक लाखाच्या वर, इथलं जेनेरिक (तोच रेणू, दुसऱ्या कंपनीचा) दहा हजारांच्या आत.

दुसरी, सक्तीचा परवाना, कलम ८४: पेटंटवाल्याची मर्जी नसली तरी दुसऱ्याला औषध बनवायची मुभा. तो आजवर एकदाच वापरला गेला, मार्च २०१२ मध्ये. कॅन्सरवरच्या सोराफेनिबच्या १२० गोळ्यांना बायरचा भाव २,८०,४२८ रुपये होता, इथल्या नॅटको कंपनीला साधारण ८,८०० रुपयांत विकायची मुभा मिळाली, वर बायरला ६ टक्के रॉयल्टी (पुढे ७ झाली). एकदाच वापरली म्हणून ही खुंटी निकामी समजू नका. भाव ठरवायला बसलेल्या कंपनीला ती भिंतीवर दिसते.

एम्पाग्लिफ्लोझिनचं इथलं पेटंट ११ मार्च २०२५ ला संपलं आणि त्याच आठवड्यात नवे ब्रँड दुकानात आले. अमेरिकेत एका रेणूभोवती स्फटिकरूप, डोस, वापर अशी पेटंटांची रांग उभी करता येते. रक्त गोठू न देणारं अपिक्साबॅन बघा. तिथल्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) जेनेरिकला डिसेंबर २०१९ मध्येच मंजुरी दिली, पण पेटंटाच्या खटल्यांमुळे ते १ एप्रिल २०२८ च्या आधी विकता येत नाही. सव्वाआठ वर्षं मंजुरी फाइलमध्ये. अ‍ॅडॅलिम्युमॅबची (हे संधिवातावरचं इंजेक्शन) नक्कल युरोपात ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये.

---

एडिसनची_फार्मसी

वरचं बरोबर आहे, पण पेटंट जर्मनीतही आहे आणि इंग्लंडमध्येही. तिथे ५७३ डॉलर नाहीत. म्हणजे अमेरिकेचं वेगळं काहीतरी आहे.

विमा नसलेला माणूस, आणि जानेवारीत डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम) अजून न भरलेला माणूस, हे सोडले तर ५७३ डॉलर पूर्ण कोणी भरत नाही. विमा कंपनी आणि औषध कंपनी यांच्यामध्ये पीबीएम नावाचा दलाल बसलेला असतो. सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांकडून देशातल्या जवळपास ८० टक्के प्रिस्क्रिप्शनांचा हिशेब जातो. विम्याच्या यादीत कोणतं औषध बसेल हे तेच ठरवतात. यादीत बसायला कंपनी त्यांना रिबेट, म्हणजे मागाहून परत करायची सूट देते, आणि हा रिबेट छापील किंमतीवर टक्क्याने असतो.

समजा छापील ५०० डॉलर, रिबेट ३००. कंपनीच्या हातात खरे २००. पुढच्या वर्षी छापील ६०० करून रिबेट ४०० दिला तरी कंपनीचे २०० तसेच, दलालाची थाळी मात्र जड. किंमत कमी ठेवणारी कंपनी यादीतून बाहेर पडू शकते. आणि डिडक्टिबलमध्ये असलेला पेशंट काउंटरवर ५०० किंवा ६०० च मोजतो. रिबेट नंतर, त्याच्या पाठीमागे, विमा आणि दलाल वाटून घेतात. माझ्या मते तिथल्या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात बेशरम भाग हाच आहे, पेटंट नव्हे.

शिवाय सर्वात मोठं गिऱ्हाईक, म्हणजे ६५ वर्षांवरच्यांची मेडिकेअर, हिला औषधांच्या भावाची घासाघीस करायला २००३ च्या कायद्यानेच मनाई होती. ती मनाई ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने काही औषधांपुरती उठली. पहिल्या दहा औषधांचे ठरलेले भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू: एम्पाग्लिफ्लोझिन ५७३ वरून १९७ डॉलर, सिटाग्लिप्टिन ५२७ वरून ११३, अपिक्साबॅन ५२१ वरून २३१, सगळे ३० दिवसांचे. १९७ म्हणजे १७,००० रुपये. बडोद्याच्या साधारण चाळीस ते पंचाण्णवपट, तरीही.

आता दुसरी बाजू, जी भारतात फारशी कोणी सांगत नाही. अमेरिकेत प्रिस्क्रिप्शनांपैकी ९० टक्के जेनेरिकची असतात आणि ती स्वस्त आहेत. रँड संस्थेने २०२२ च्या आकड्यांवरून ३३ श्रीमंत देशांशी तुलना केली: सगळी औषधं मिळून अमेरिकेचा भाव त्या देशांच्या २७८ टक्के, फक्त ब्रँडचा ४२२ टक्के (रिबेट वजा केला तरी ३०८), पण साध्या जेनेरिकचा ६७ टक्के. म्हणजे जेनेरिक तिथे युरोपपेक्षाही स्वस्त. तुमच्या मेटफॉर्मिनचं कोडं इथे सुटतं.

नातेवाइकांना सांगायच्या गोष्टी:

काउंटरवर आधी विचारा, "विमा न लावता रोख किती?" कित्येक जेनेरिकना विम्याच्या कोपेपेक्षा (विमा असूनही दर खेपेला आपण भरायचा हिस्सा) रोख भाव कमी निघतो. पूर्वी फार्मासिस्टला हे सांगायची करारात बंदी असायची. ऑक्टोबर २०१८ च्या कायद्याने ती गेली. पण आपण विचारल्याशिवाय बहुतेक जण सांगत नाहीत. रांग लांब असते.

कॉस्ट प्लस ड्रग्ज या ऑनलाइन दुकानाचा हिशेब उघडा असतो: खरेदीची किंमत, त्यावर १५ टक्के, ५ डॉलर फार्मसीचे, ५ पोस्टाचे. खरेदी ४ डॉलरची असेल तर एकूण १४.६०. त्यामुळे ३० ऐवजी ९० गोळ्या मागवा. ते दहा डॉलर एकदाच लागतात.

असं रोखीने किंवा कूपनवर घेतलेलं औषध साधारणपणे डिडक्टिबलमध्ये धरलं जात नाही. वर्षाला मोठा खर्च होणारच असेल तर हा हिशेब उलटा पडू शकतो. आणि औषध कंपनीचं कूपन मेडिकेअरवाल्यांना चालत नाही, तो कायद्याने लाच देण्याचा प्रकार ठरतो.

---

रावपुरा_७

रिबेटचं पहिल्यांदाच नीट कळलं. मग आपल्याकडे हे दलाल नाहीत म्हणून सगळं स्वच्छ असं म्हणायचं का?

---

दांडियाबाजार_स्टॉकिस्ट

स्वच्छ कसलं. आपल्याकडे फक्त पैसे दुसऱ्या खिशात जातात.

एमआरपीची फोड करून दाखवतो. औषधांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांना १२ चा ५ टक्के झालाय (३३ जीवरक्षक औषधांना शून्य). एमआरपी १०५ रुपये असेल तर कर काढून १०० उरतात. सरकारी भावनियंत्रणाबाहेरचं औषध असेल तर व्यापारातल्या रिवाजाप्रमाणे रिटेलरला २० टक्के, म्हणजे त्याची खरेदी ८० ला. त्यात स्टॉकिस्टचे, म्हणजे घाऊक विक्रेत्याचे १० टक्के, म्हणजे कंपनीचं बिल ७२ ला. भावनियंत्रणातलं असेल तर रिटेलरला त्याच्या खरेदीवर १६ टक्के: १०० भागिले १.१६, म्हणजे ८६.२०. स्टॉकिस्टला ८ टक्के, कंपनीचं बिल ७९ च्या आसपास. वर "दहावर एक फुकट" वगैरे स्कीम असतात, त्या वेगळ्या.

इथवर ठीक. घोळ आहे तो डॉक्टर न लिहिता थेट दुकानातून खपणाऱ्या ट्रेड जेनेरिकमध्ये. स्ट्रिपवर १०५ छापलेले असतात आणि दुकानदाराला ती १५-२० रुपयांत पडते. गिऱ्हाइकाला "काका, वीस टक्के डिस्काउंट" म्हणून ८४ ला दिली की काका खूश होऊन जातात. डिस्काउंट किती ते बघू नका, शेवटी हातातून गेले किती ते बघा. त्याच रेणूचा, त्याच ताकदीचा जनऔषधी केंद्रातला भाव "जनऔषधी सुगम" अ‍ॅपवर दोन मिनिटांत सापडतो.

सरकार भाव कसा ठरवतं हेही ऐका, कारण लोकांना वाटतं बनवण्याच्या खर्चावरून. तसं १९९५ च्या भावनियंत्रण आदेशात होतं: ७४ कच्ची (बल्क) औषधं आणि कारखान्याच्या खर्चावर ठरावीक वाढ. २०१३ च्या आदेशाने ती पद्धत सोडली. आता अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या (२०२२ च्या यादीत ३८४ औषधं) प्रत्येक ताकदीसाठी बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडांच्या रिटेलर-किंमतीची (दुकानदाराला ज्या भावाला पडतं त्याची) सरासरी काढतात, तीही साधी, आणि वर १६ टक्के. समजा तीन ब्रँड आहेत, १०, १२ आणि ३८ रुपयांचे. सरासरी २०, कमाल भाव २३.२० अधिक जीएसटी. ३८ वाल्याला खाली यावं लागतं. १० आणि १२ वाले होते तिथेच, त्यांना वर चढता येत नाही. पण खपाच्या मानाने सरासरी काढली असती तर आकडा कदाचित १५ च्या आत आला असता. महागडा ब्रँड स्वतःच कमाल भाव वर ओढतो.

दर एप्रिलला घाऊक महागाई निर्देशांकाप्रमाणे हा भाव सरकतो: २०२३ मध्ये १२.१२ टक्के, २०२४ मध्ये जवळजवळ शून्य, २०२५ मध्ये १.७४. यादीबाहेरच्या औषधांना बंधन एवढंच की वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. सुरुवातीची किंमत मात्र बहुतेक वेळा कंपनीची मर्जी. कॅन्सरच्या औषधांत दुकान आणि हॉस्पिटल मिळून इतकं खात होते की २०१९ मध्ये ४२ औषधांवर व्यापारी मार्जिनची ३० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

स्ट्रिपवरचा भाव कमाल भावापेक्षा जास्त वाटला तर "फार्मा सही दाम" या सरकारी अ‍ॅपवर रेणूचं नाव आणि ताकद टाकून बघा. बघताना चूक होते ती इथे: मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि टार्ट्रेट ही वेगळी मिठं, साधी गोळी आणि एसआर (हळूहळू औषध सोडणारी) गोळी वेगळी, आणि भाव एका गोळीचा असतो, स्ट्रिपचा नव्हे. स्ट्रिप १० ची, १४ ची की १५ ची, हे मोजून मग भांडायला जा.

---

कमाटीबाग

सगळं वाचलं. तरी संशोधनाच्या खर्चाची इतकी थट्टा नको. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा रेणूंतला साधारण एक बाजारात येतो. उरलेल्या नवांचा खर्च कोणीतरी भरायचाच ना? तो अमेरिकन पेशंट भरतो आणि बाकी जग फुकट जेवतं, या तक्रारीत तथ्य आहे. मे २०२५ मध्ये ट्रम्प यांनी "इतर श्रीमंत देशांत जो सर्वात कमी भाव तोच आम्हाला" असा आदेश काढला तो याच रागातून.

---

विश्वामित्री

तथ्य आहे, अर्धं. नफ्याचा मोठा हिस्सा अमेरिकेतून येतो आणि तो आटला तर काही रेणू मागे राहतील, हे मान्य. पण खर्च जास्त म्हणून किंमत जास्त, हा कार्यकारणभाव चुकीचा. खर्च होऊन गेलेला असतो. किंमत ठरवताना समोरचा किती देऊ शकेल हेच बघितलं जातं.

हिपॅटायटिस सी वरचं सोफोसबुविर घ्या. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत १२ आठवड्यांच्या कोर्सचे ८४,००० डॉलर, म्हणजे दिवसाची एक गोळी बरोबर हजार डॉलरला. आकडा इतका गोल आला तेव्हाच कळायला हवं की तो खर्चाच्या वहीतून आलेला नाही. २०१४ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी अंदाज बांधला की पूर्ण कोर्स बनवायला ६८ ते १३६ डॉलर लागतील. त्याच वर्षी सप्टेंबरात गिलियडने भारतीय कंपन्यांना ७ टक्के रॉयल्टीवर परवाने दिले आणि इथे स्वतःचा ब्रँड ९०० डॉलरला देऊ केला. अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीतल्या दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी कंपनीची कागदपत्रं तपासून डिसेंबर २०१५ मध्ये अहवाल दिला: किंमत ठरवताना जास्तीत जास्त महसूल हा निकष होता, संशोधनाचा खर्च वसूल करणं नव्हे. शिवाय तो रेणू गिलियडने शोधलाही नव्हता; ज्या कंपनीने शोधला ती २०११ मध्ये ११ अब्ज डॉलरला विकत घेतली होती.

आणि युरोप फुकट जेवतो म्हणण्यापेक्षा युरोप "नाही" म्हणू शकतो, असं म्हणा. इंग्लंडमध्ये नाइस ही संस्था औषधाने निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाढवायला किती पैसे पडतात ते मोजते. वर्षानुवर्षं त्यांची रेघ २० ते ३० हजार पौंडांवर होती. त्यावर गेलात तर सरकारी सेवेत औषध नाही, मग कंपनी गुपचूप सवलत देऊन परत येते. जर्मनीत कंपनी सुरुवातीला सहा महिने मनाचा भाव लावते. तेवढ्यात जुन्या औषधापेक्षा नव्याचा फायदा किती हे तपासून पुढचा भाव ठरतो. फायदा शून्य ठरला तर जुन्याच्या भावाच्या आसपास गप बसायचं.

गुपचूप सवलतीचं कारणही मजेशीर आहे. अनेक देश एकमेकांचे छापील भाव बघून आपला ठरवतात. त्यामुळे कंपनी छापील आकडा सगळीकडे फुगवून ठेवते, खरी सवलत करारात दडवते, आणि ज्या गरीब देशाचा कमी भाव इतरांच्या तक्त्यात दिसेल तिथे औषध उशिरा उतरवते. ट्रम्पसाहेबांच्या आदेशाची खरी अडचण तीच: "सर्वात कमी भाव" शोधायचा, पण खरा भाव कुठेच छापलेला नाही.

---

शिक्का_मोर्तब

राहिलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं.

गोळी एकच का? रेणू एकच, माल एक असेलच असं नाही. अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा कारखाना, पद्धत आणि कागद यांची तिथल्या एफडीएकडे नोंद असते. देशातला माल त्याच कंपनीच्या वेगळ्या कारखान्यात किंवा दुसऱ्याकडून बनवून घेतलेला असू शकतो. स्ट्रिपच्या मागे "निर्माता" आणि "विपणन" अशी दोन नावं वेगवेगळी दिसली की समजा. शरीरात सारखंच शोषलं जातं का, ही चाचणी पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून सक्तीची झाली.

डोळ्याला दिसणारा फरक असा. अमेरिकेतल्या गोळीवर अक्षरं-आकडे कोरलेले असतात, तो तिथला नियमच आहे. त्यावरून कुठलीही सुटी गोळी ओळखता येते. आपल्या बहुतेक गोळ्या कोऱ्या. म्हणून सात खणांच्या डबीत गोळ्या भरून तिकडे गेलेल्या माणसाला रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं, तर डॉक्टरला "पांढरी गोल गोळी" एवढीच माहिती मिळते. स्ट्रिप कापतानाही नाव आणि मुदत असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा.

आई-वडिलांसाठी:

पर्यटकाने स्वतःपुरता ९० दिवसांपर्यंतचा साठा मूळ पॅकिंगमध्ये, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह नेणं, ही तिथली सर्वमान्य रीत. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँड नको, रेणूचं नाव, ताकद, दिवसातून किती वेळा आणि आजार लिहून घ्या. सहा महिन्यांच्या मुक्कामात पुढचा साठा मागवायचा झाला तर पार्सलसोबत व्हिसा-पासपोर्टची प्रत, डॉक्टरचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन हवं. तिथे कायम राहणाऱ्याने इथून स्वस्त औषध मागवणं हे मात्र तिथल्या कायद्याने बहुतेक वेळा बेकायदा आहे. पार्सल अडतं, नोटीस येते.

पँटोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल, जी आपल्याकडे चण्याफुटाण्यासारखी खाल्ली जाते, ती नेऊ नका. डॉमपेरिडोनला अमेरिकेत मंजुरी नाही. निमेसुलाइडलाही नाही. झोपेच्या, अल्प्राझोलाम-क्लोनाझेपामसारख्या गोळ्या आणि ट्रामाडॉल, कोडीन असेल तर मोजकं, प्रिस्क्रिप्शनसह, आणि कस्टमला आपणहून सांगून.

नावं वेगळी असतात ते लिहून द्या: आपलं पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड तिकडे ग्लायब्युराइड. दम्याच्या पंपावर इथे १०० मायक्रोग्रॅम आणि तिथे ९० लिहिलेलं दिसलं तर डोस कमी झाला असं समजून जास्त दाबू नका. इथे झडपेतून निघालेलं मोजतात, तिथे तोंडाशी पोहोचलेलं. त्या पंपाची किंमतही याच धाग्यातली गोष्ट आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी पंपातला जुना वायू २००८ च्या अखेरीस बंद झाला, नव्या वायूच्या पंपांना नवी पेटंटं मिळाली आणि जुन्याच औषधाचं स्वस्त जेनेरिक अमेरिकेतून दहा-अकरा वर्षं गायब झालं. ते २०२० मध्ये परत आलं, आणणाऱ्यांत सिप्लाही होती.

उलट दिशेने: इथे न मिळणारं औषध येताना स्वतःच्या सामानात, स्वतःसाठी, एका औषधाचे १०० डोसपर्यंत आणता येतात. पार्सलने मागवायचं तर आधी केंद्रीय औषध नियंत्रकाकडे फॉर्म १२अ, सोबत प्रिस्क्रिप्शन. परवाना फॉर्म १२ब मध्ये येतो. मागवून मग अर्ज केला तर माल कस्टममध्ये पडून राहतो, आणि थंड ठेवायचं औषध असेल तर संपलंच.

---

रावपुरा_७

खूप उपयोगी. वडील इन्सुलिन घेतात, कुपीतलं. तेही ९० दिवसांचं नेलं की झालं?

---

शिक्का_मोर्तब

थांबा, कुपी कोणती ते आधी बघा. आपल्याकडची ह्युमन इन्सुलिनची कुपी बहुधा यू-४० असते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, १० मिलिची कुपी ४०० युनिटची, सिरिंजचं झाकण लाल. अमेरिकेत यू-१००: तेवढ्याच कुपीत १,००० युनिट, झाकण केशरी. (भावाची तुलना करतानाही कुपीला कुपी लावू नका, युनिटचा भाव काढा. लोक हमखास इथेच चुकतात.)

इथली सिरिंज संपली आणि तिथून आणलेल्या यू-१०० सिरिंजने यू-४० च्या कुपीतून २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर ०.२ मिलि आलं, म्हणजे फक्त ८ युनिट. साखर चढत जाते आणि कारण कळत नाही. उलट झालं, म्हणजे तिथली यू-१०० कुपी आणि इथून नेलेली लाल झाकणाची सिरिंज, तर २० च्या खुणेला अर्धा मिलि, ५० युनिट. अडीचपट. यात माणूस बेशुद्ध होतो. यू-४० सिरिंज तिथे मिळते ती कुत्र्या-मांजरांच्या इन्सुलिनसाठी.

म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून पेन आणि ३ मिलिच्या कार्ट्रिजवर जाता येतं का बघा; कार्ट्रिज दोन्हीकडे यू-१०० च असते, ३०० युनिटची. कुपीच न्यायची तर लाल सिरिंज पूर्ण मुक्कामाला पुरतील इतक्या, वर वीस-पंचवीस जास्त. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. खाली सामानात टाकलं तर गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं तरी टाकून द्यायचं.

---

रावपुरा_७

लाल झाकणच आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जातो.